व्हेरिकोसील: दुर्बीण, मायक्रोस्कोप की कॉइल? दरांत एवढा फरक कशाचा?

साताराकर: वय ३२. डावीकडे ग्रेड ३ व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा. वीर्यतपासणी एकदाच केली: शुक्राणू ९० लाख प्रति मिली, हालचाल २५ टक्के. पुण्यात तीन दर मिळाले: ४५ हजार, ९५ हजार आणि कॉइलचे (शिरेत सोडून ती आतून बंद करणारी तारेची गुंडाळी) १ लाख ४० हजार. तिघंही म्हणतात ‘मोठी चिरफाड नाही, लगेच घरी’. मग फरक कशात? विम्यात बसेल का?

टाकाधागा: ४५ हजारवाल्यांना आधी हे विचारा: दुर्बीण की मायक्रोस्कोप? आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘दुर्बीण’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. दुर्बीण म्हणजे लॅपरोस्कोपी. पूर्ण भूल देऊन पोटाला लहान भोकं पाडतात आणि शिरा पोटातच, वरच्या बाजूला बांधतात. मायक्रोस्कोपच्या पद्धतीत जांघेशी २-३ सेंमीचा छेद घेऊन वृषणाची धमनी आणि लसिकावाहिन्या जपत एकेक शीर बांधतात. शीर सुटली तर व्हेरिकोसील परत येतो. लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या तर हायड्रोसील होतो, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठतं. धमनी दुखावली तर वृषण आकसू शकतं. हे तिन्ही धोके मायक्रोस्कोपने सर्वांत कमी. वेळ मात्र जास्त लागतो आणि पैसे त्याचेच. काही ठिकाणी डॉक्टरांच्या डोळ्यांवरचा भिंगाचा चष्मा, म्हणजे लूप, ‘मायक्रोस्कोपिक’ म्हणून खपवतात. तो साधारण अडीच-साडेतीन पट मोठं दाखवतो, मायक्रोस्कोप १० पट आणि त्याहून जास्त. ‘लेझरने करू’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूही नका.

कॅथलॅब: कॉइलचं बिल कॉइलच्या संख्येवर फुगतं. कोटेशनवर किती कॉइल धरल्यात आणि जादा लागली तर दर काय, हे लिहून घ्या. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून नळी जाते, तेवढा भाग बधिर केला की पुरतं. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, तिथे नळी बहुधा सहज जाते. उजवी थेट महाशिरेला तिरकी मिळते, तिथे कधीकधी नळी शिरतच नाही. तसं झालं तर बिल किती, हेही आधीच ठरवा. ऑपरेशननंतर पुन्हा उद्भवलेल्या व्हेरिकोसीलला मात्र कॉइल फार कामाची, कारण राहून गेलेली शिरेची फांदी डायच्या, म्हणजे शिरेत सोडलेल्या औषधाच्या, एक्स-रे चित्रात दिसते.

हिशेबनीस: विमा: ‘वंध्यत्वावरील उपचार’ हे बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. व्हेरिकोसीलला अनेकदा २ वर्षांचा प्रतीक्षाकाळही असतो. खरोखर दुखत असेल तर डॉक्टरांनी केसपेपरवर तसं नोंदवावं. दुखत नसताना लिहून घेतलं तर क्लेम नाकारतात, पॉलिसीही जाऊ शकते. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, रक्ततपासण्या आणि औषधं धरली आहेत का ते पाहा. ९५ हजारांचे सव्वा लाख होतात ते यांनीच. मुंबईत केईएम, सायन, नायरला यूरोलॉजी विभाग आहेत, खर्च खूपच कमी, पण नंबर लागायला वेळ जातो.

टाकाधागा: एकाच रिपोर्टवर चाकू लावू नका. २ ते ७ दिवस संयम पाळून, काही आठवड्यांनी दुसरी तपासणी करा. संख्या १ कोटीच्या खाली आहे, म्हणून रक्तातली एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्सही बघा. ग्रेड ३ हाताला लागतो, म्हणून विचार करण्याजोगा. हाताला न लागता नुसत्या डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दिसणाऱ्याला ऑपरेशनचा फायदा नाही. शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, त्यामुळे पहिली तपासणी ३ महिन्यांनी, पुढची ६ महिन्यांनी. पत्नीचं वय लिहिलं नाहीत. ३७-३८ असेल तर वाट बघण्यापेक्षा थेट आयव्हीएफचा हिशेब मांडावा लागेल.

साताराकर: २९. दुसरी तपासणी करून रिपोर्ट टाकतो.