आठवीला ‘चांगला शोमरोनी’ कसा शिकवावा?

प्रश्न (डिचोली): मूल्यशिक्षणाच्या ४० मिनिटांच्या तासिकेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला हा दाखला (येशूनं सांगितलेली बोधकथा) घ्यायचा आहे: वाटेत लुटून जखमी टाकलेल्या माणसाला याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) बघून पुढे जातात, परका शोमरोनी मात्र थांबून त्याला उतारशाळेत नेतो. वर्गात हिंदू, ख्रिस्ती दोन्ही मुलं आहेत. ‘मदत करावी’ एवढ्यावरच चर्चा संपते. काय करावं?

उत्तर (म्हापसा): सर, बरेच जण अध्याय १० मधल्या ३० व्या वचनापासून सुरुवात करतात, तिथंच घोळ होतो. २५ पासून वाचा. शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ शेवटी येशू प्रश्नच उलटवतो: तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्री तेव्हाही ‘शोमरोनी’ म्हणत नाही, ‘ज्याने दया केली तो’ म्हणतो. हे वचन दोनदा वाचून घ्या. यहुदी आणि शोमरोनी (शोमरोन प्रांतातले लोक) यांच्यातलं वैर मात्र आधी पाच मिनिटांत सांगा, नाहीतर मुलांना धक्काच बसत नाही.

उत्तर (मडगाव): फळ्यावर यरुशलेम ते यरीहो रेघ काढा: सुमारे २७ किलोमीटर, हजारेक मीटरचा उतार. मग शोमरोन्याच्या खर्चाची यादी मुलांकडूनच करून घ्या. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, शिवाय ‘जास्त लागलं तर परतताना देईन’. दया किती ठोस असते ते या यादीत दिसतं. नाटुकलं बसवलंत तर याजक-लेव्याच्या जागी आजची जात किंवा धर्म अजिबात घालू नका. वर्गात लगेच तट पडतात.

उत्तर (म्हापसा): ताई, अगदी बरोबर. आणि सर, तात्पर्य फळ्यावर लिहू नका. शेवटची दहा मिनिटं एकच लेखी प्रश्न द्या: उतारशाळेच्या मालकानं उधारीवर विश्वास का ठेवला असेल?