गाव शाश्वत आहे की नाही, हे मोजायचे कसे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा):
ग्रामसभेत शाश्वत विकासाचा विषय निघाला, की आमच्याकडे सिमेंट रस्ते आणि घरकुलांची संख्या वाचून दाखवली जाते. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ च्या अहवालात म्हटल्याप्रमाणे पुढील पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता शाबूत राहते की नाही, हे गावाने स्वतः कसे मोजावे?

उत्तर (वर्धा जिल्हा):
विहिरीपासून सुरुवात करावी. आम्ही दोराला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात, सकाळी मोटारी सुरू होण्यापूर्वी, त्याच पाच विहिरींवर मोजतो व शाळेच्या भिंतीवर लिहितो. पावसाची नोंद शेजारी असेल, तरच पाऊस घटला की उपसा वाढला, हे कळते. एका वर्षाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये.

उत्तर (गडचिरोली जिल्हा):
निर्णय कोण घेतो, हेही पाहावे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगल वापरण्याचे व सांभाळण्याचे गावाचे हक्क) मिळाले, परंतु सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय त्याआधीची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने बांबूतून रोजगार उभा केला आणि विडीसाठी लागणारी तेंदूपाने तोडणे मात्र थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात व जंगलात आगी लावल्या जातात. गावाने विचारपूर्वक सोडलेले उत्पन्न हा मला सर्वांत खरा मापदंड वाटतो.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. ग्रामसभेतील महिलांची उपस्थितीही नोंदवावी का?

उत्तर (गडचिरोली जिल्हा):
अवश्य, मात्र सह्या करणाऱ्या आणि प्रत्यक्ष बोललेल्या महिलांचे रकाने वेगळे ठेवा.