मदत हवी आहे: बहिणीवर नवऱ्याची जबरदस्ती, पोलीस तक्रार घेत नाहीत

सोनटक्का
धाकट्या बहिणीवर तिच्या नवऱ्याने शनिवारी जबरदस्ती केली. दंडावर, मांडीवर वळ आहेत. काल पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, बलात्काराचा गुन्हा होत नाही, घरात मिटवा." खरंच असं आहे का? काय करायचं ते लवकर सांगा. समजूत काढायचे सल्ले नकोत.

बाभूळबन
दुर्दैवाने तसंच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येच अपवाद आहे, बायको 18 च्या पुढची असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा नाही. आधी हे वय 15 होतं, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 18 केलं. तुम्ही सरळ जुन्या दंड संहितेचं 498अ टाका, म्हणजे नवऱ्याकडून-सासरकडून छळाची तक्रार, आता ते न्याय संहितेत कलम 85 झालंय. माझ्या मावसबहिणीने टाकलं, सासरचे सुतासारखे सरळ आले.

पाणंद
उठसूट 498अ कशाला? वर्षानुवर्षं तारखा पडतात. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा बघा, त्यात लैंगिक अत्याचार स्पष्ट लिहिलाय. संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, मॅजिस्ट्रेटकडून संरक्षण आदेश मिळतो. तो मोडला तर नवऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. बहीण राहते कुठे? मुलं आहेत?

बाभूळबन
दोन्ही एकदम करता येतात. तारखा पडतात म्हणून गुन्हाच नोंदवायचा नाही का?

थेम्सकाठ
इथे इंग्लंडमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1991 मध्येच नवऱ्याची ही सूट काढली. आपल्याकडे निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्ये तेच सांगितलं. 2022 मध्ये दिल्ली हायकोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. केंद्राने 2024 मध्ये अपवादाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं. चीड येते.

गुंजमाळ
हे रखमाबाईंपासून चालू आहे, लहानपणी लग्न लावलं म्हणून नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला होता. 1887 मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता हे विसरू नका.

पाणंद
टिळकांचा विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला होता. अर्धवट लिहू नका.

सोनटक्का
टिळक राहू द्या हो! राहते कुठे म्हणजे? आमच्याकडेच. दिवाळीनंतर घेऊन आलो, ती परत जाणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. तिचे कागद द्यायला म्हणून तो आला, आई देवळात गेली होती. घटस्फोटाची केस अजून टाकलेली नाही.

काळाकोट
ताई, मग उत्तरच बदललं. न्याय संहितेचंच कलम 67 वाचा. बायको वेगळी राहत असताना नवऱ्याने तिच्या संमतीविना संबंध ठेवले तर 2 ते 7 वर्षं कैद. वेगळं राहण्याचा कोर्टाचा हुकूमनामा असलाच पाहिजे असं नाही. पण तक्रार तिची स्वतःची हवी, तुमची चालणार नाही. ती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. या कलमाची तक्रार नोंदवायला नकार देणं हा पोलिसाचाही गुन्हा आहे, कलम 199. तसं लेखी अर्जात घाला आणि पोच घ्या. पुन्हा टाळलं तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. आजच दवाखान्यात न्या, सरकारी असो की खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. त्या दिवशीचे कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा.

पाणंद
तो म्हणेल, बायको चार दिवस माहेरपणाला गेली होती. वेगळी राहते हे सिद्ध कसं करणार?

काळाकोट
म्हणूनच मोबाइलमधले मेसेज जपा. 'मी येणार नाही' असं लिहिलेला एक मेसेजही कामाचा. मुलांची शाळा बदलली आहे का?

मोगरावेल
पोटगीचं बघा आधी. आणि लग्नातलं स्त्रीधन परत मागा, माझ्या नणंदेचे पाटल्या-तोडे अजून तिकडेच आहेत.

सोनटक्का
भाचीचा दाखला जानेवारीत इकडच्या शाळेत आणलाय, त्याची झेरॉक्स आहे. मेसेज तिच्या फोनवर असतील. पण ती दोन वाक्यं बोलते आणि गप्प होते. वकील परवडणार नाही.

काळाकोट
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केला तरी चालेल. 181 या महिला हेल्पलाइनवर सखी केंद्राचं, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचं विचारा, तिथली समुपदेशक ठाण्यात सोबत येते का बघा. घाई करून तिच्याकडून वदवून घेऊ नका, पण दवाखाना आज.

सोनटक्का
निघतोय. कपडे आईने भिजवले नाहीत ना, विचारते.