पीजीला कास्टिंग घ्यायचंय, कॉलेज बघू की गाईड?

राजापूरकर_मेक:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी साइडला मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहे आणि पुढे फाउंड्रीमध्येच, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कामात (कास्टिंग), मास्टर्स करायचं डोक्यात घेतलंय. घरचे म्हणतात कसलं ते भट्टीसमोर भाजून घ्यायचं काम, गप आयटीत जा. आमच्या वर्कशॉपला फर्स्ट इयरला वाळूत पॅटर्न (वस्तूचा नमुना) दाबून दाखवला तेवढंच, धातू काय ओतला नाही कोणी. आता युनिव्हर्सिट्यांच्या साइट बघतोय तर सगळीकडे फर्नेसचे चकाचक फोटो आणि फॅकल्टीच्या पेपरची मारुतीच्या शेपटीएवढी यादी. अमेरिकेत काही ठिकाणी 'की प्रोफेसर' असं पण दिसलं, ते काय प्रकरण आहे? आणि पोरांच्या मागे खरंच उभा राहणारा सर कोण, हे इतक्या लांबून कळणार कसं?

फोंडाघाट_मेथड:
मी कणकवलीचा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मेथडिंग बघतो, म्हणजे साच्यात धातू कुठून, कसा भरायचा ते ठरवतो. गंमत बघ, आपल्या कासार्डे-पियाळीची सिलिका वाळू ट्रक भरभरून घाट चढून कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जाते आणि आपली पोरं मात्र ओतकाम न बघताच इंजिनियर होतात. असो.

फ्रेशर इंटरव्ह्यूला आला की मी त्याच्या हातात एक कापलेलं कास्टिंग देतो आणि विचारतो, हे भोक कशाचं? बरेच जण "पोरोसिटी सर" (धातूत राहिलेली पोकळी) म्हणतात आणि गप्प. ज्याच्या सरांनी त्याला हॅकसॉ देऊन स्वतःचंच रिजेक्शन कापायला लावलेलं असतं तो आधी भोकाच्या आत बघतो. आतून गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस. खडबडीत, फाटल्यासारखं आणि जाड सेक्शनमध्ये असेल तर श्रिंकेज, म्हणजे थंड होताना धातू आकसून पडलेलं, आणि मग तोच उलट मला विचारतो की रायझर (आकसणाऱ्या धातूला भर घालणारा जादा धातूचा साठा) कुठे ठेवला होता. हे पेपर वाचून येत नाही रे, कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. म्हणून लॅब बघायला गेलास तर शोकेसमधल्या ट्रॉफ्या सोड, बिघडलेली कास्टिंग कुठे ठेवलीत ते विचार. "भंगारात दिली" म्हणाले तर काय ते समजून जा.

हर्णै_ते_आयोवा:
की प्रोफेसरचं मी सांगते. अमेरिकेत फाउंड्री एज्युकेशनल फाउंडेशन म्हणून संस्था आहे, १९४७ सालची, कास्टिंग इंडस्ट्रीच्या पैशावर चालते. तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीत एक प्राध्यापक नेमलेला असतो, तोच की प्रोफेसर. पोरांची नोंदणी, स्कॉलरशिपसाठी शिफारस, इंटर्नशिपला कंपन्यांशी बोलणं, शिकागोच्या कॉलेज इंडस्ट्री कॉन्फरन्सला पोरं घेऊन जाणं, हे सगळं तो बघतो. म्हणजे नुसता शिकवणारा नाही, पोरगं आणि कंपनी यांच्यातला दुवा. बाहेरच्या देशातल्यांना स्कॉलरशिपचे नियम काय ते मात्र आधीच मेल करून विचार, गृहीत धरू नको.

पण एक बाजू कोणी सांगत नाही. असले प्रोग्रॅम बऱ्याचदा एका माणसाच्या जिवावर चालतात. सर रिटायर झाले, जागी मटेरियल सायन्सचा कोणी दुसऱ्याच विषयातला आला की भट्टी थंड. त्यामुळे सरांच्या हाताखाली तयार होणारा दुसरा कोण आहे हे बघ. मी माझ्या सरांना हे विचारलं होतं, त्यांना राग नाही आला, उलट तासभर बोलले.

वर्कशॉपवाले_काका:
सगळे प्राध्यापकांचंच चालवलंय म्हणून लिहितो. मी आयुष्यभर इन्स्ट्रक्टर होतो, कोकणातच. वाळू मुठीत दाबून, मोडून, कड शाबूत राहते का बघणारा माणूस लॅबमध्ये नसेल तर डॉक्टरेटवाले चार असून उपयोग नाही. आमच्याकडची पोरं दरवर्षी म्हणायची काका, वाळूसाठी पैसे कशाला, किनारा समोर आहे की. एकदा मी म्हटलं आणा. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि मीठ, वरून वितळलेलं बीड (कास्ट आयर्न) पडलं की शिंपल्यांतला चुना तापून गॅस सोडतो, तो उकळीसारखा वर आला. कास्टिंगला जाळी पडली, पण मग कोणाला समजावायची गरज राहिली नाही. आणि जुलैत ॲल्युमिनियम वितळवायचं तर भंगार, लाडल (धातू ओतायचं भांडं) सगळं आधी तापवून घ्यायचं, नाहीतर त्या ओलीतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि पिनहोल, बारीक भोकं. आपल्या हवेत शिकलेला पोरगा ओलाव्याला कधी हलकं घेत नाही बघ.

राजापूरकर_मेक:
काका भारीच! पण देशातच राहायचं ठरलं तर?

फोंडाघाट_मेथड:
रांचीचं निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फाउंड्री अँड फोर्ज टेक्नॉलॉजी, फॅशनवालं नव्हे) बघ, १९६६ पासून फाउंड्री-फोर्जचंच आहे, हल्ली नाव बदलून निआम्ट केलंय. आयआयटी मुंबईत असताना बी. रवी सरांनी दिलेली कास्टिंग डिझाइन आणि सिम्युलेशनवरची लेक्चर्स शोधून आत्ताच बघायला घे, गेटिंग (साच्यात धातू जायचे मार्ग) आणि रायझरिंग डोक्यात बसेल. सरांना मेल टाकताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट" छापाचं काही नको, छोटा ब्रॅकेट घे, रायझर कुठे ठेवशील त्याचं स्केच काढून जोड आणि दोन प्रश्न विचार. उत्तर आलं तर कळेलच माणूस कसा आहे ते. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचे स्टुडंट चॅप्टर असतात, जवळ कुठे आहे का चौकशी कर.

आणि त्याआधी एकदा शिरोलीला येऊन जा, आंबा घाटातून किती लांब आहे? पोअरिंग दाखवतो. सोमवारी नको, आमची सुट्टी असते. बूट घालून ये, चपलेवर गेटच्या आत सोडत नाहीत.