मदत हवी आहे: ऑपरेशननंतर ससा काहीच खात नाहीये

अबोली | मंगळवार, रात्री १०:४०
आमच्या शेवरीचं आज ऑपरेशन झालं. संध्याकाळी घरी आणली, तेव्हापासून कोपऱ्यात बसून आहे. कोथिंबीर, पेलेट्स, तिचा लाडका केळ्याचा तुकडा, सगळं तोंडापुढे धरून झालं. वास घेते आणि मान वळवते. काय दिलं तर खाईल? सिरिंजने भरवायचं तर काय आणि किती? जुने धागे चाळले, सगळे कुत्र्या-मांजरांचे आहेत. कृपया लवकर सांगा.

टेकडीवरचा | १०:४६
कसलं ऑपरेशन? दाताचं की पोटाचं? वय, वजन? शेवटचं कधी खाल्लं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी आल्यापासून लेंड्या टाकल्या का?

खटपट्या | १०:४९
भूल पूर्ण उतरेपर्यंत कुठलंच जनावर खात नाही. आमच्या कुत्रीची पिशवी काढली तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पाण्यालाही शिवली नव्हती. तिसऱ्या दिवशी घरभर पळत होती. तुम्ही सारखं तोंडापुढे धरून तिला त्रास देताय. दिवा घालवा, झोपू द्या. सकाळी आपण होऊन खाईल.

रानवाट | १०:५५
खटपट्या, कृपा करून सशाला कुत्र्याचा नियम लावू नका. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. ते मंदावलं की आत वायू धरतो, वायूने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. हे चक्र एका रात्रीत जिवावर बेतू शकतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ती तातडीची वेळ समजायची. "सकाळी बघू" म्हणून मी एक ससा गमावला आहे, म्हणून इतकं तोडून लिहिते आहे.
अबोली, टेकडीवरचा यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. त्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही.

अबोली | १०:५८
कसलं म्हणजे, स्पे. पिशवी काढली. सात महिन्यांची आहे, वजन १.८ किलो. लेंड्या नाहीत. काल रात्री नऊला खाल्लं होतं, सकाळी उपाशी पोटी आणा असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. पण मला फक्त काय भरवू ते सांगा ना!

टेकडीवरचा | ११:०१
म्हणजे काल रात्री नऊपासून आत्तापर्यंत २६ तास. ऑपरेशनच्या आधीचे तास यात कोणी धरतच नाही. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर असेल तर आत्ता लावा, हा धागा नंतर वाचा.

दूर्वा | ११:०४
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या सशाचं शुक्रवारी आहे आणि मलाही रात्रीपासून उपाशी ठेवा असंच सांगितलंय. ते चूक आहे का?

रानवाट | ११:०९
हो, सशासाठी चूक. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात कारण भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. सशाला उलटी करताच येत नाही. तोंडात गवताचे तुकडे राहू नयेत म्हणून भूल देण्याआधी तास-दोन तास खाणं काढून घेतात, तेवढंच. रात्रभर उपाशी ठेवून काही साधत नाही, उलट आतडं आधीच मंदावतं. तुमच्या डॉक्टरांशी स्वतः बोला, फोन उचलणाऱ्या माणसाशी नाही. पुष्कळदा तिथे कुत्र्यांसाठीची सूचनाच सगळ्यांना वाचून दाखवतात.

शामली | ११:१२
मला कळत नाही, धडधाकट प्राण्याचं पोट फाडायचंच कशाला? माझी चांदणी ऑपरेशनशिवाय नऊ वर्षं जगली. भूल दिली की ससे दगावतात हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. बाकी शेवरीला लवकर बरं वाटो.

पिंगळा | ११:१३ (संपादित)
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रानवाट | ११:१६
पिंगळा, कुत्र्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन सिरप द्यायचा सल्ला कृपया ताबडतोब काढा. अबोली, तुम्ही तो वाचला असेल तर देऊ नका! पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं सशाच्या तोंडावाटे गेली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. क्लिंडामायसिनचंही तेच. घरातली दुसऱ्या प्राण्याची किंवा माणसाची कुठलीच गोळी नको.

पिंगळा | ११:१९
काढला. मला हे खरंच माहीत नव्हतं. मांजरीला चाललं होतं म्हणून लिहिलं. वाईट वाटतंय.

टेकडीवरचा | ११:२१
शामली, तुमच्या चांदणीचं ऐकून बरं वाटलं. माझी बुटकी मात्र पाच वर्षांची असताना गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. लघवीत रक्ताचे थेंब दिसायचे आणि मी महिनाभर ते खाण्याचा रंग समजत राहिलो. ऑपरेशन न केलेल्या माद्यांमध्ये चार वर्षांच्या पुढे हा रोग फार आढळतो, म्हणून वयाच्या चार-सहा महिन्यांपासून पिशवी काढायला सांगतात.
भुलेबद्दल म्हणाल तर ब्रिटनमधल्या दवाखान्यांचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सशांचे मृत्यू एकूण १.३९ टक्के होते आणि निरोगी सशांत ०.७३ टक्के. कुत्र्यांमध्ये एकूण आकडा ०.१७ टक्के होता. म्हणजे सशाला धोका जास्त, तुमचं तेवढं बरोबर. पण सशांच्या त्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन संपल्यानंतर झाले होते. आपण आत्ता ज्या वेळेबद्दल बोलतोय तीच ही वेळ.

अबोली, अजून एक. वेदनाशामक कोणतं दिलंय आणि शेवटचं कधी दिलं?

पिंगळा | ११:२४
लाल लघवीवरून आठवलं. सशाची लघवी पुष्कळदा नुसत्या रंगद्रव्यांमुळेही केशरी किंवा लालसर होते. सगळी लघवी एकसारखी रंगीत असेल तर बहुधा ते. पिवळसर लघवीत वेगळे लाल ठिपके किंवा गाठी दिसल्या तर रक्ताचा संशय घ्यायचा. नक्की काय ते तपासणीतच कळतं.

अबोली | ११:२६
डॉक्टरांचा फोन व्यग्र लागतोय. वेदनाशामक म्हणजे मेलोक्सिकॅमची छोटी बाटली दिलीय. पण ती अजिबात ओरडत नाहीये, विव्हळत नाहीये, नुसती शांत बसलीय. म्हणून दिलं नाही. उगाच औषधाचा मारा नको वाटला.

रानवाट | ११:२८
अबोली!! ससा दुखलं म्हणून ओरडत नाही. जंगलात ओरडणारा ससा पहिल्यांदा खाल्ला जातो, त्यामुळे तो दुखणं लपवतो. कमान करून, पाय पोटाखाली घेऊन बसलीय का? डोळे अर्धवट मिटलेले? पोट जमिनीला दाबतेय? जवळ कान नेल्यावर दात करकरल्याचा आवाज येतोय? कुरवाळताना हलकी कुरकुर असते ती सुखाची, ही वेगळी, मोठी आणि कर्कश असते. चिठ्ठीवर औषधाची वेळ काय लिहिलीय?

अबोली | ११:३१
हो. कमान करून बसलीय. दात वाजतायत, मला वाटलं थंडी वाजतेय. चिठ्ठीवर "रात्री ९, पाच दिवस" लिहिलंय. मी ते दुखलं तरच द्यायचं समजले.

टेकडीवरचा | ११:३३
दुसऱ्या कुठल्याही नंबरवर डॉक्टर गाठा. चुकलेली मात्रा आता किती द्यायची ते त्यांनाच विचारा, इथल्या कोणाला नाही. कुत्र्याचं माप सशाला लागू होत नाही.
तोवर कान हातात घेऊन बघा, थंड आहेत का. सशाचं अंग साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असतं, भुलेनंतर ते उतरतं. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे ऊब नको वाटली तर तिला सरकता येईल. आणि पोट हलक्या हाताने चाचपा, टाक्यांना न लावता. ढोलासारखं ताठ असेल किंवा कान गार असतील तर काहीही भरवू नका, थेट दवाखाना. गार पडलेल्या किंवा पोट फुगलेल्या सशाला भरवून हानीच होते.

खटपट्या | ११:३६
मी आपली कुत्र्यावरून लिहिलं होतं. हे वाचून कळतंय की प्रकरण वेगळं आहे. अबोली, गाडीची अडचण असेल तर ओळखीतल्या कोणाला तरी आत्ताच उठवून ठेवा. मध्यरात्री शोधत बसू नका.

अबोली | ११:५२
डॉक्टर मिळाले. लिहून दिलेली पूर्ण मात्रा आत्ता द्या म्हणाले, दिली. कान कोमट आहेत, पोट मऊ आहे. अर्ध्या तासाने भरवायला सुरुवात करा आणि पहाटेपर्यंत लेंडी नाही आली तर घेऊन या असं सांगितलं. आता तरी सांगाल का कसं भरवायचं? आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन आहे, त्याने काही फरक पडतो का?

रानवाट | बुधवार, १२:०१
कोन आहे हे आत्ता सांगताय! खूप फरक पडतो. कोनामुळे तिचं तोंड गवतापर्यंत पोचत नाही, अंग चाटता येत नाही, आणि ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो तेही बंद होतं. त्या लेंड्यांत जीवनसत्त्वं असतात, ती घाण नव्हे. टाके कातडीच्या आत घातलेत का ते डॉक्टरांना विचारा. तसे असतील तर पुष्कळ डॉक्टर कोन काढू देतात किंवा त्याऐवजी अंगाला घट्ट बसणारं कापड घालायला सांगतात. विचारल्याशिवाय काढू नका.

भरवण्याचं: क्रिटिकल केअर पावडर (आजारी सशांना पाण्यात कालवून भरवायचं तयार खाद्य) असेल तर उत्तम. नसेल तर तिचेच पेलेट्स कोमट पाण्यात भिजवा, पूर्ण विरघळले की घोटून पातळ करा. सुई नसलेली सिरिंज. तिला टॉवेलात गुंडाळून चारी पाय जमिनीवर असलेल्या स्थितीतच धरा, उताणी अजिबात नको. पुढच्या दातांच्या मागे बाजूला जी मोकळी जागा असते तिथून सिरिंज आत घाला आणि अर्धा-एक मिली द्या. चावून गिळलं की पुढचं. गिळत नसेल तर थांबा, घाईत फुफ्फुसात जातं. पहिल्या वेळी पाच-सहा मिली गेलं तरी खूप झालं, मग दर दोन-तीन तासांनी. केळं आता ठेवून द्या. गोडाने वायू वाढतो. तिच्या नाकापाशी गवत मात्र सतत राहू दे.

शामली | १२:०९
ऑपरेशनबद्दलचं माझं मत तेच आहे, पण आज तो विषय नको. चांदणी आजारी असताना गवतावर कोथिंबिरीची दोन पानं चुरडून टाकायचे, वासाने ती तोंड लावायची. करून बघा. मी जागी आहे.

अबोली | पहाटे ४:२०
टाके आतलेच आहेत. लक्ष ठेवता येणार असेल तर कोन काढा म्हणाले, म्हणून मी शेजारीच जमिनीवर अंथरूण घातलंय. तीन वेळा भरवलं, दोनदा थुंकली, तिसऱ्यांदा स्वतःहून चघळलं. आत्ता पाय पसरून बसलीय. दातांचा आवाज थांबलाय.

अबोली | सकाळी ६:०५
लेंड्या!! सात. बारीक, काळ्या, कोरड्या, पण सात. आणि गवताची एक काडी ओढून खाल्ली, कोणी न भरवता.

टेकडीवरचा | ६:३०
वाचून फार बरं वाटलं. पहिल्या लेंड्या बारीकच असतात. आजही दर काही तासांनी मोजा आणि मागच्यापेक्षा मोठ्या होतायत का ते बघा. औषध पाच दिवस घड्याळ लावून, ती बरी दिसली तरी. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा असेल तर काढून टॉवेल घाला, भुसा टाक्याला चिकटतो. चढायला काही ठेवू नका. टाका दिवसातून दोनदा नुसत्या डोळ्यांनी बघायचा. सूज, पाणी किंवा वास आला तर फोटो डॉक्टरांना.

अबोली | ६:४४
भुऱ्याला कधी सोडू तिच्याजवळ? रात्रभर दारापाशी खरवडत होता.

रानवाट | ६:५०
भुऱ्या कोण?

अबोली | ६:५२
तिचा जोडीदार. त्याचं तीन आठवड्यांपूर्वीच झालंय ऑपरेशन.

रानवाट | ७:०३
हे पहिल्याच ओळीत हवं होतं, रात्री त्याचीही सोबत झाली असती. पण एकदम मोकळं सोडू नका. नराच्या अंगातला जोर ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे राहतो. शेवरीला आता पिल्लं होणार नाहीत, पण तो पाठीवर चढला तर आतले टाके ताणतील. मध्ये जाळी ठेवा, एकमेकांना हुंगता येईल अशी. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास आहे. फार दिवस लांब ठेवलं तर तो तिला परकी समजून चावेल, म्हणून जाळी आजच लावा. दोघांच्या अंगाखालचे टॉवेल अदलाबदल करत राहा.

दूर्वा | ११:१५
मी आज डॉक्टरांशी स्वतः बोलले. उपाशी ठेवायचं नाही, उलट तिचं रोजचं गवत बरोबर आणा, शुद्धीवर आली की तिथेच पुढ्यात ठेवू असं म्हणाले. वेदनाशामकाची वेळ चिठ्ठीवर त्यांच्याच हातून लिहून घेणार आहे. पेलेट्स आणि सिरिंज आजच आणून ठेवते. शुक्रवारी रात्री कोणी जागं असेल का?

अबोली | ११:२१
मी असेन. शेवरीसाठी तसंही दर तीन तासांचं घड्याळ लावलंय.