मदत हवी आहे: मायक्रोस्कोपला जोडायला कोणता ऑप्टिकल ट्वीझर घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्या लॅबमधल्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपला ऑप्टिकल ट्वीझर (लेझरच्या झोताने सूक्ष्म कण पकडून धरणारं उपकरण) जोडायचा आहे. मुख्य काम कायनेसिनचं (पेशीत माल वाहणारं मोटर प्रथिन): ते चिकटलेला पॉलिस्टायरिनचा बीड (सूक्ष्म गोळी) पकडायचा आणि मायक्रोट्यूब्यूलवरची (ज्यावरून ते चालतं ती प्रथिनांची नळी) कायनेसिनची ८ नॅनोमीटरची पावलं मोजायची. पुढे जिवंत पेशींच्या आतही ट्रॅप (लेझरचा कण पकडणारा बिंदू) वापरायचा विचार आहे. पेशींना इजा कमी व्हावी म्हणून लेझर १०६४ नॅनोमीटरचा, एवढं नक्की.

खरी अडचण ऑब्जेक्टिव्हची. आमच्याकडे १.४ एनएचं (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप) ऑइल इमर्शन, म्हणजे भिंग आणि काच यांच्यात तेल घालून वापरायचं, ऑब्जेक्टिव्ह आहे. कव्हरस्लिपला लागून ट्रॅप उत्तम बसतो, पण पाण्यातल्या नमुन्यात जसजसं आत जावं तसतसा स्फेरिकल ॲबरेशनमुळे (किरण एकाच बिंदूत न जुळल्यामुळे) तो ढिला पडतो. १.२ एनएचं वॉटर इमर्शन घेतलं तर खोलीचा प्रश्न बराचसा सुटेल, पण पृष्ठभागाजवळच्या मोजमापाला ते पुरेल का? शिवाय इन्फ्रारेडमध्ये त्यातून किती प्रकाश पार होतो हे माहीतपत्रकात सहसा सापडत नाही. कुणी स्वतः मोजलंय का?

दुसरं, ट्रॅप हलवायला एओडी (ध्वनिलहरींनी लेझर वळवणारा स्फटिक) की एसएलएम (प्रकाशाला हवा तसा आकार देणारा पिक्सेलचा पडदा)? एओडी वेगवान, फोर्स क्लॅम्पला (बीडवरचं बल सतत स्थिर ठेवायला) तोच हवा असं माझं मत. सहकाऱ्यांना मात्र खोलीतही हलणारे अनेक ट्रॅप हवेत, म्हणजे एसएलएम. बलमापनासाठी क्वाड्रंट फोटोडायोड (बीड किती सरकला ते टिपणारा चार भागांचा प्रकाशसंवेदक) घेणारच.

मागचा पोर्ट फ्लुओरेसन्सच्या दिव्याने अडवलाय. लेझर आत घ्यायला दुसरा डायक्रोइक (ठरावीक रंगाचा प्रकाश परतवून बाकीचा पार जाऊ देणारा आरसा) कुठे बसवलात? तयार संच घेतला असेल, तर ट्रॅपच्या स्टिफनेसचं (पकडीच्या ताठरपणाचं) कॅलिब्रेशन करताना कच्चा डेटा हाती येतो का, हेही कृपया सांगा.