कॅप्चर कार्ड टर्मिनलवरून सेट करणं ही मिजास?

पॅकेटपंत: परवा एकाने इथे लिहिलं, "आजच्या काळात कॅप्चर कार्ड टर्मिनलवरून सेट करणं म्हणजे नुसती मिजास. वेब पॅनल उघडा, चार बटणं दाबा, मोकळे व्हा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. (नवख्यांसाठी: कॅप्चर कार्ड म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं टिपून ठेवणारं कार्ड, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी.) चार महिन्यांपूर्वी कुठली बटणं दाबली होती, हे पॅनल सांगणार आहे का? डॅगकॉन्फिगला, म्हणजे डॅग कॅप्चर कार्डाच्या सेटिंगच्या कमांडला, नुसता कार्डाचा नंबर द्या, एसलेनसकट (दर पॅकेटचे किती बाइट ठेवायचे तो आकडा) सगळं समोर. ते फाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी डिफ मारा, काय बदललं ते दिसेल. साध्या नेटवर्क कार्डाचंही तेच. जीआरओ, एलआरओ (आलेली छोटी पॅकेटं जोडून मोठं करणाऱ्या सोयी) बंद न करता कॅप्चर घ्यायचं आणि मग इथे येऊन विचारायचं, "एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १५००, मग ९००० बाइटचं पॅकेट आलं कुठून?" अहो, तुमच्याच मशीनने जोडून दिलंय! आणि ईथटूल या कमांडने केलेलं कार्डाचं सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून ते पुन्हा लावणारी स्क्रिप्ट हवी.

कर्वेरोडकर: तो 'एक' म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का? आमच्या टर्मिनलभक्त सीनियरने एसलेन ६४ ठेवून रात्रभर कॅप्चर चालवलं. सकाळी बघतो तर हेडर शाबूत, आतला मजकूर साफ. क्लायंटला काय दाखवायचं, कपाळ? पॅनलने निदान लाल अक्षरांत बजावलं असतं.

पॅकेटपंत: सुरू केल्यावर दोन-चार पॅकेटं उघडून बघायची असतात. त्यालाही लाल अक्षरं लागतात?

वाकडतिकडा: पॅनलवाल्यांनी एकदा हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात अडकून बघावं. पॅकेट ड्रॉप होतायत म्हणून फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएच केलं, लांबूनच मशीनचं टर्मिनल उघडलं. रिंग बफर (आलेली पॅकेटं उचलेपर्यंत ठेवायची जागा) ५१२, कमाल ४०९६. वाढवला. बस तिथेच.

खडकीवाला: चालू कॅप्चरमध्ये रिंग बदलली? कित्येक ड्रायव्हर त्यासाठी इंटरफेस खाली-वर, म्हणजे बंद-चालू, करतात. तेवढी पॅकेटं कुठे गेली ते बसला विचारा.

वाकडतिकडा: तशीही गळतच होती की!

माणकर: भूमकर चौकातून जाताच कशाला? म्हाळुंगेवरून बालेवाडीला उतरा.

कर्वेरोडकर: संध्याकाळी सातला बालेवाडी? कधी गेलायत का स्वतः?

माणकर: रोज जातो. कर्वे रोडवर बसून हिंजवडीचे रस्ते शिकवू नका.

वाकडतिकडा: पाऊस पडला की म्हाळुंगेचा रस्ता आणि ओढा यांत फरक राहत नाही. बायको म्हणते, तिकडेच खोली घे.

माणकर: दुचाकी घ्या मग. बसमध्ये बसून रडायचं आणि वर एसएसएचची फुशारकी.

खडकीवाला: रस्ते पुरे. १० गिगाबिटवर सगळ्या ६४ बाइटच्या फ्रेम आल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांच्या वर पॅकेटं होतात. तिथे साधं कार्ड आणि टीसीपीडंप हा पॅकेटं टिपणारा प्रोग्राम घेऊन बसलात तर शेवटी 'ड्रॉप्ड बाय कर्नल'चा, म्हणजे सुटलेल्या पॅकेटांचा, आकडा मोजत बसाल.

कर्वेरोडकर: बरं, स्क्रिप्ट ठेवतो. पॅनलही ठेवतो. पंतांना लॉगिन मिळणार नाही.

पॅकेटपंत: नकोच. स्क्रिप्टमध्ये एसलेन किती टाकताय तेवढं आधी इथे चिकटवा.